पळूं न शकणारा खजिनदार

इंग्लंडांतील ससेक्स परगण्यांत ईस्ट ग्रिन्स्टेड नांवाचें एक गांव आहे. तेथील क्वीन व्हिक्टोरिया रुग्णालयांत २० जुलै १९४१ रोजीं कांहीं भाजलेल्या वैमानिकांनीं एक मंडळ स्थापिलें आणि त्यास ‘गिनीपिग क्लब’ असें नांव दिलें. शस्त्रवैद्य आपल्या देहांवर नवे प्रयोग करीत आहेत, ही त्यांतील खोंच. चिटणीस निवडला तो बोटें भाजलेला, म्हणजे त्यानें इतिवृत्त लांबवूं नये. आणि खजिनदार निवडला तो पाय भाजलेला, म्हणजे त्यास पैसे घेऊन पळतां येऊं नये!

हा विनोद ज्यांस सुचला त्यांची अवस्था पाहण्याजोगी नव्हती. भाजलेल्या जागीं टॅनिक आम्ल लावून कठीण खपली धरविण्याची तेव्हां रीत असे. तिनें पापण्या आणि बोटें आखडत. समुद्रांत पडलेल्या वैमानिकांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात हें पाहून न्यूझीलंडमध्यें जन्मलेले शस्त्रवैद्य आर्चिबाल्ड मॅकिंडो यांनीं मिठाच्या पाण्याच्या स्नानांचा अवलंब केला. पुढें त्वचारोपण, तेंही हप्त्याहप्त्यानें, वर्षानुवर्षें. मॅकिंडो यांनीं याहून अवघड असें आणखी एक काम केलें. रुग्णांस त्यांनीं लष्करी गणवेषांत गांवांत हिंडावयास लाविलें, आणि त्यांस घरीं बोलवा, त्यांच्याकडे टक लावून पाहूं नका, असें गांवकऱ्यांस विनविलें. गांवानें तें ऐकलें. युद्ध संपतांच मोडावयाचें हें मंडळ ६४९ सभासदांपर्यंत वाढलें आणि त्याचें वार्षिक संमेलन २००७ पर्यंत भरत राहिलें. आग घटकेंत विझते, पण तिचें काम कधीं संपावें याला मुदत नसते.

परंतु घरांतील चुलीनें वा कारखान्यांतील वाफेनें जो भाजतो त्यास ना गणवेष, ना राष्ट्राची कृतज्ञता. त्याच्यासाठीं दारोदार पैसा मागावा लागतो. २९ मार्च १९८१ रोजीं ख्रिस ब्रॅशर व जॉन डिस्ली यांनीं लंडनची मॅरॅथॉन सुरू केली, आणि पुढें हजारों माणसें तेथें धर्मादाय संस्थांसाठीं धावूं लागलीं. त्यांत जळितांतून वांचलेल्यांसाठीं झटणाऱ्या संस्थाही आल्या. २००४ पासून मुंबईच्या शर्यतींतही असाच निधि जमतो.

एकाची धाप लागली म्हणून दुसऱ्याची थैली कां सैल व्हावी? आपल्याकडे नवस फेडावयास अनवाणी चालणारे पुष्कळ, पण तें पुण्य बहुधा स्वतःच्या घरच्या खात्यावर जमा होतें; येथें तें परक्याच्या नांवें मांडलें जातें. धावण्यापेक्षां सरळ पैसे कां देत नाहींत, असें कोणी विचारील. पण एकदां दिलेली देणगी विसरून जातां येते. सव्वीस मैलांहून लांब अंतराची तयारी करणारा मनुष्य महिनोन्महिने शेजाऱ्यांस व कचेरींतील सोबत्यांस तोच विषय ऐकवीत असतो, आणि पुढल्या वर्षीं पुन्हां ऐकवितो. जळिताच्या बाबतींत हें ‘पुन्हां’ फार उपयोगाचें. लहानपणीं भाजलेलें मूल वाढतें, पण त्याचा वण त्या मानानें वाढत नाहीं; तो ताणूं लागतो, सांधा आखडतो, आणि मुलास पुन्हां शस्त्रक्रियेस न्यावें लागतें.