धक्का कोणाच्या पैशाचा, पाण्याची वाट कोणाची? मुंबई बंदर आणि नवी मरीना

मागच्या बैठकीत मी मुंबई बंदराचा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्यांनी हटकलं, "साहेब, जामसांवलीले समुद्राचं काय करा लागते?" प्रश्न रास्त होता. आपल्याकडे जाम नदी आहे आणि तिचंही पात्र उन्हाळ्यात उघडं पडतं. पण आपला भाग कापसाचा आहे. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोचली आणि इकडचा कापूस त्या बंदराशी बांधला गेला. त्यामुळे तिथला धक्का कोणी बांधला, कोणी पैसे दिले, हे विचारायचा थोडा हक्क आपल्यालाही आहे.

विषय काढायचं कारण ताजं आहे. 2025 च्या अखेरीस केंद्र सरकारनं मुंबई बंदरात सार्वजनिक मरीना बांधायला मंजुरी दिली. मरीना म्हणजे शिडाच्या आणि यांत्रिक नौकांचा पाण्यातला वाहनतळ. एकूण खर्च 887 कोटी रुपये, पाण्याचं क्षेत्र सुमारे 12 हेक्टर आणि 424 नौकांची सोय. पैशाची विभागणी अशी: पाण्यातल्या कामाचे 470 कोटी मुंबई बंदर प्राधिकरण घालणार, आणि किनाऱ्यावरच्या कामाचे 417 कोटी खासगी चालक. हॉटेल, क्लब, दुरुस्तीची सोय ही किनाऱ्यावरची बाजू.

ही विभागणी वाचली आणि मला एकोणिसावं शतक आठवलं, कारण मुंबईच्या किनाऱ्यावर खासगी आणि सार्वजनिक पैशाचा हा खेळ पूर्वीही झालेला आहे.

सुरुवात भाऊंपासून करू. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी 1841 च्या सुमारास धक्का बांधला. त्याआधी प्रवाशांची चढउतार फार हालाची होती. धक्का खासगी माणसाचा, पण वापर सगळ्यांचा. म्हणूनच मूळ जागा बदलली तरी फेरी वार्फला लोक आजही भाऊचा धक्काच म्हणतात.

पुढचा टप्पा कंपन्यांचा. एल्फिन्स्टन कंपनीनं पूर्व किनाऱ्यावर भराव घालायला घेतला. 1861 ते 1865 या अमेरिकेतल्या यादवीच्या काळात तिकडचा कापूस बंद पडला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत भरावाच्या कंपन्यांचं पेवच फुटलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कित्येक कंपन्या बुडाल्या. एल्फिन्स्टन टिकली, पण बंदराचा मोक्याचा किनारा एका कंपनीच्या हाती राहणं सरकारला परवडेना. 1870 च्या सुमारास सरकारनं तिची मालमत्ता विकत घेतली आणि 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन करून कारभार त्याच्याकडे दिला.

तरीही प्रश्न मिटला नाही. 1875 मध्ये ससून घराण्यानं कुलाब्याला स्वतःची गोदी उभी केली. खासगी धक्के आणि ट्रस्ट यांची ओढाताण सुरूच होती. शेवटी 1879 मध्ये ट्रस्टनं ससून गोदीही विकत घेतली. 1880 मध्ये प्रिन्सेस, 1888 मध्ये व्हिक्टोरिया आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा (आजची इंदिरा) अशा मोठ्या गोद्या सार्वजनिक संस्थेनंच बांधल्या.

म्हणजे आधी खासगी हाती गेलेला किनारा जनतेला दोनदा पैसे मोजून परत घ्यावा लागला.

इंजिनियर म्हणून मला पाण्यातलं काम जास्त बोलतं. मुंबईत मोठ्या भरतीच्या वेळी पाणी साडेचार-पाच मीटर चढतं-उतरतं. जुन्या गोद्यांना दरवाजे बसवले ते त्यासाठी: भरतीला जहाज आत घ्यायचं आणि ओहोटीतही पाणी अडवून ठेवायचं. मरीनेत हेच काम तरंगते तराफे करतात. ते पाण्याबरोबर वरखाली होतात, त्यामुळे नौका आणि पायवाट यांची पातळी जुळलेली राहते. शिवाय चालू बंदरात मोठ्या जहाजांच्या लाटा येतात, म्हणून लाटरोधक भिंत लागते. ती खांबांवर उभारली की खालून प्रवाह चालू राहतो आणि गाळ कमी साठतो. या खर्चिक गोष्टी बाहेरून दिसत नाहीत आणि त्यांतून थेट उत्पन्नही फारसं येत नाही. त्यामुळे त्या सार्वजनिक पैशातून होणं समजण्यासारखं आहे. पण उत्पन्न येतं ते हॉटेल आणि क्लबमधून. ती बाजू दुसऱ्याच्या हातात.

मी योजनेच्या विरोधात नाही. 1989 मध्ये न्हावाशेवा सुरू झालं, माल तिकडे वळला. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया गोद्या तर कंटेनरच्या योजनेसाठी भरूनच टाकल्या. बंदराला नवं काम हवंच आहे आणि इतकी वर्षं भिंतीआड असलेला पूर्व किनारा लोकांना दिसला तर उत्तमच.

माझं म्हणणं एवढंच, की भाऊच्या धक्क्याची अट करारात आत्ताच लिहावी. हॉटेलात न जाता पाण्यापर्यंत पोचता येईल असा रस्ता, दिवसाच्या दरानं मिळणाऱ्या काही जागा, आणि नौकानयन शिकायला येणाऱ्या साध्या घरच्या पोराला परवडेल अशी फी. करार झाल्यावर हे मागायला गेलं, तर ससून गोदीसारखी परत खरेदी करायची पाळी येते.

त्या ज्येष्ठांना मी बैठकीत नीट उत्तर देऊ शकलो नव्हतो. आता देतो. आपल्याकडे नदीवर घाट बांधतात तेव्हा पैसा कोणाचाही असो, शेवटची पायरी सगळ्यांची असते. मुंबईतल्या त्या 470 कोटींत आपलाही वाटा आहे, म्हणून तिथल्या पायरीबद्दल जामसांवलीतून बोलायला हरकत नाही.