एकोणतीस आखाडे, सहा उरले

स्मरणिकेसाठी लेख पाठव, असा समितीचा निरोप तीनदा आला. विषय 'आवडीचा कोणताही'. वर्गातल्या डॉक्टर, वकील आणि बँकवाल्या मंडळींनी आपापले अनुभव लिहिले असणार. माझ्याकडे सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, एका व्हिडिओ गेमच्या नियमांचा इतिहास. हसू नका. इतिहासाच्या बाई हा लेख वाचणार आहेत हे ठाऊक असूनही लिहितो आहे. त्यांच्या पेपरात 'कारणे द्या' हा प्रश्न मला नेहमी अडायचा. मी एकच कारण तीन वेगवेगळ्या शब्दांत लिहायचो आणि बाई लाल शाईने लिहायच्या, "हे एकच आहे." आज तोच प्रश्न स्वतःला घालून घेतो : एकोणतीस आखाड्यांपैकी तेवीस बंद झाले, कारणे द्या.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा गेम नोव्हेंबर २००१ मध्ये जपानमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत आला. मासाहिरो साकुराई हे त्याचे दिग्दर्शक. निन्टेन्डोच्या निरनिराळ्या खेळांतली पात्रं यात एकमेकांशी मारामारी करतात. साध्या मारामारीच्या गेममध्ये मार खाऊन शक्ती संपते आणि गडी हरतो. इथे तसं नाही. इथे जितका मार खाल तितके तुम्ही पुढच्या फटक्याला लांब उडता, आणि पडद्याबाहेर गेलात की एक जीव गेला. आपल्या कुस्तीत चितपट असते, सुमोत रिंगणाबाहेर काढायचं असतं. हा प्रकार सुमोच्या जवळचा. त्यामुळे जमीन कुठे संपते, वर छत किती उंच आहे, पायाखाली काय आहे, यावर निकाल फिरतो. इतर मारामारीच्या गेममध्ये मागचा देखावा बहुतेक वेळा नुसता पडदा असतो. इथे आखाडा हा तिसरा खेळाडू.

असे आखाडे, म्हणजे 'स्टेज', मेलीत २९ होते. अठरा सुरुवातीपासून, अकरा खेळून मिळवायचे. साकुराईंना सगळ्यांनी मिळून दंगा करायचा खेळ हवा होता, म्हणून काही आखाड्यांत मोटारी अंगावर येतात, काही सरकत राहतात, एकात आकाशातून स्फोटक ठोकळे पडतात. वर पुन्हा हातात यायला बॉम्ब, हातोडे, तलवारी. चार मित्र सोफ्यावर बसले असतील तर याहून मजेशीर काही नाही.

मी २००३ साली एमएस करायला कॅलिफोर्नियात गेलो. घरात आम्ही चौघे, एक जुना जाड टीव्ही, आणि रूममेटने आणलेला गेमक्यूब. मला वाटलं होतं, हा वेळ घालवायचा प्रकार. पण त्याच भागात 'टूर्नामेंट गो' नावाच्या स्पर्धा भरत होत्या आणि लोक त्यासाठी विमानाने येत होते. एका शनिवारी कुणीतरी मला एका छोट्या स्पर्धेला नेलं. दोन डॉलर प्रवेश फी. पहिल्याच सामन्यात मी आघाडीवर होतो, फटका मारायला हात उचलला, आणि त्या जागी त्याच क्षणी एक पेटी आकाशातून पडली. ती स्फोटक होती. मी मेलो. समोरचा मुलगा स्वतःच माझी माफी मागू लागला. त्याला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे माझ्या लक्षात राहिलं.

हेच पहिलं कारण, नशीब. शस्त्रास्त्रं २००४-०५ च्या सुमारास बहुतेक स्पर्धांतून गेली. ती बंद करायची सोय गेममध्येच होती. आखाड्यांना मात्र असं बटण नव्हतं. मोटारी नकोत पण रस्ता हवा, असं म्हणता येत नव्हतं. ठेवायचा तर सगळा, काढायचा तर सगळा. शिवाय मेली ही छापून झालेली तबकडी होती. आजच्यासारखं कंपनीने इंटरनेटवरून दुरुस्ती पाठवावी, ही सोय नाही. स्पर्धांना मान्यता देणारी संघटनाही नाही. सभागृह भाड्याने घेणारा माणूस जो कागद दाराला चिकटवेल तो कायदा.

दुसरं कारण पळपुटेपणा. 'हायरूल टेंपल' हा अवाढव्य आखाडा घरी सगळ्यांचा लाडका. त्यात एक गोल वाट आहे. सामना चार जिवांचा आणि आठ मिनिटांचा असतो. वेगवान पात्र घेतलं, एक फटका मारला, की उरलेला वेळ नुसतं गोल गोल पळायचं. मागचा कधीच पोचत नाही आणि वेळ संपल्यावर आघाडीवाला जिंकतो. खाली एक बंदिस्त गुहा आहे, तिथे कितीही जोरात मारलं तरी गडी भिंतीला आपटून परत येतो, बाहेर जातच नाही. मी असा एक सामना पूर्ण पाहिला आहे. आठव्या मिनिटाला प्रेक्षकांतले निम्मे लोक पिझ्झा खायला गेले होते. ज्या आखाड्यांत जमीन थेट पडद्याच्या कडेपर्यंत जाते त्यांचं दुखणं वेगळं, पण त्याच जातीचं. कडेला जाऊन उभं राहायचं, जवळ येईल त्याला धरायचं आणि मागे फेकायचं. 'ऑनेट'मध्ये कडेपर्यंत जमीनही आहे आणि मोटारीही, त्यामुळे त्याच्या बाजूने कुणी फार भांडलं नाही.

इथवर सगळं सोपं आहे. बाई, खरी अडचण तिसऱ्या कारणाची.

नशीब आणि पळापळ काढल्यावरही बरेच आखाडे उरले होते : ब्रिन्स्टार, रेनबो क्रूझ, म्यूट सिटी, कॉर्नेरिया, जुन्या गेममधलं काँगो जंगल. दशकभर ते 'उत्तराचे आखाडे' म्हणून टिकले. पद्धत अशी होती : पहिला डाव पाच-सहा साध्या आखाड्यांपैकी एकावर, आधी यंत्राच्या चिठ्ठीने, नंतर 'खोडून' काढून. पाच नावं समोर ठेवायची. पहिल्याने एक खोडायचं, दुसऱ्याने दोन, पुन्हा पहिल्याने एक. उरेल ते मैदान. दोघांनाही मनासारखं मिळत नाही आणि दोघांचंही फार बिघडत नाही. यापेक्षा शहाणी वाटणी मी भावकीतही पाहिलेली नाही. डाव हरलेल्याला मग पुढचं मैदान निवडायचा हक्क. जिंकलेल्याने त्यातलं एक आधीच बाद करायचं. हरलेला अर्थातच आपल्या पात्राला सोयीचं मैदान घेणार. कॉर्नेरियाचं छत बुटकं, तिथे फॉक्स हे चपळ पात्र लवकर मारतं. म्यूट सिटीत धरायला बहुतेक कडाच नाहीत, तिथे फॉक्सचे हाल आणि तरंगणाऱ्या पीचची चंगळ. म्हणजे हे आखाडे बेभरवशाचे नव्हते, एकतर्फी होते. आणि एकतर्फी म्हणजे अन्यायाचं, हे कुणी ठरवायचं?

२००७ पासून मी स्वतः महिन्यातून एकदा छोटी स्पर्धा भरवत असे. वीस-पंचवीस पोरं, आठ जाड टीव्ही, एका कम्युनिटी हॉलचं भाडं. कागद मी चिकटवायचो. आमच्याकडे एक फिलिपिनो मुलगा यायचा, पीच खेळणारा. ब्रिन्स्टार ही त्याची जागा. त्या आखाड्यात खालून ॲसिड वर चढतं आणि फटके खाऊन मधला दुवा तुटला की जमीन दोन भागांत फाकते. वेगाने खाली पडणारी पात्रं ॲसिडात सापडतात, तरंगणारी पीच वरून बघत बसते. त्याला ते ॲसिड घड्याळासारखं कळायचं. २०११ च्या आसपास मोठ्या स्पर्धा हे आखाडे एकेक करून गाळू लागल्या होत्या. आमच्याकडची फॉक्सवाली मंडळी, म्हणजे जवळजवळ निम्मा हॉल, माझ्या मागे लागली. मी हात वर करायला सांगितले. सोळा विरुद्ध तीन. मी ब्रिन्स्टार खोडलं.

तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "योशीच्या आखाड्यात ढग फिरतो, तो चालतो. माझं ॲसिड का नाही?"

प्रश्न बिनतोड होता. 'योशीज स्टोरी'मध्ये एक छोटा ढग आखाड्याभोवती फिरतो. खेळाडूंनी त्याचं लाडाने रँडल असं नाव ठेवलं आहे. त्याची फेरी बरोबर वीस सेकंदांची, त्यामुळे पडद्यावरचं घड्याळ पाहून तो कुठे आहे ते सांगता येतं. चांगले खेळाडू पडता पडता घड्याळ बघतात आणि ढगावर उतरतात. ते आम्ही कौशल्य म्हणायचो, आणि ॲसिडावरून वाचण्याला लबाडी. मी त्याला काहीतरी उत्तर दिलं, पटण्यासारखं नव्हतं. तो पुढे दोन-तीन महिने आला, मग यायचा थांबला.

२०१३ पर्यंत यादी सहावर स्थिरावली : बॅटलफील्ड, फायनल डेस्टिनेशन, ड्रीम लँड, योशीज स्टोरी, फाउंटन ऑफ ड्रीम्स आणि पोकेमॉन स्टेडियम. त्या वर्षी लास वेगासच्या 'इव्हो' या मोठ्या स्पर्धेत मेलीला जागा मिळाली ती वर्गणीच्या जोरावर. स्तनाच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी जो खेळ जास्त देणगी गोळा करेल त्याला जागा, असा प्रस्ताव होता. मेलीवाल्यांनी ९४,००० डॉलरहून जास्त जमवले. निन्टेन्डोने प्रक्षेपणाला आधी हरकत घेतली आणि ओरड होताच त्याच दिवशी ती मागे घेतली. कंपनी आणि खेळाडू यांचं नातं तेव्हाही असंच होतं, एकाच घरात राहून न बोलणाऱ्या सासू-सुनेसारखं. २००८ च्या पुढच्या गेममध्ये, 'ब्रॉल'मध्ये, साकुराईंनी पळता पळता पात्र आपोआप ठेचकाळून पडेल अशी सोय करून ठेवली होती, निव्वळ नशिबावर. इकडे आम्ही नशीब झाडून काढत होतो आणि तिकडे ते पोत्याने ओतत होते.

सहा उरले तेही निर्दोष नाहीत. ड्रीम लँडवरचं झाड वारा सोडतं. तो मारत नाही, नुसता ढकलतो, म्हणून चालतो. फाउंटनच्या पाण्यातल्या प्रतिबिंबांमुळे चौघे खेळताना गेम अडखळतो, म्हणून जोड्यांच्या सामन्यात तो नसतो. पोकेमॉन स्टेडियम मध्येच डोंगर, झाडी, आग असं रूप बदलतं आणि दोघे खेळाडू दोन बाजूंना ताटकळत उभे राहतात. त्यावर लोकांनी गेममध्येच फेरफार करून त्याचं रूप बदलणं गोठवून टाकलं. आता ते नुसतं मैदान आहे. आणि २०१८ च्या 'अल्टिमेट'मध्ये १०३ आखाडे देताना कंपनीने स्वतःच एक बटण दिलं, अडथळे बंद करायचं. सतरा वर्षं लागली. दारावरच्या कागदाला एवढी मान्यता मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही.

आता माझं मत विचाराल तर नशिबाचे आणि पळापळीचे आखाडे काढले ते बरोबरच झालं. तिसऱ्या कारणात मात्र अर्धं तत्त्व होतं आणि अर्धं बहुमत. फॉक्स खेळणारे जास्त होते. पीचवाले सोळा असते तर ब्रिन्स्टार राहिलं असतं का, याचं उत्तर मी स्वतःला अजून देऊ शकलेलो नाही.

हे लिहिताना शाळेमागचं मैदान आठवत होतं. लाँग-ऑनला ती चिंच. फांदीला चेंडू लागला तर चार, हा नियम आपल्याआधीच्या मुलांपासून चालत आलेला. आपल्यातला एक डावखुरा, नाव लिहीत नाही, तो स्वतः ओळखेल, हवं तेव्हा फांदी टिपायचा. सातवीत आपण मधल्या सुट्टीत सभा घेतली आणि चिंच 'डेड बॉल' केली. कारण काय दिलं, तर फांदी म्हणजे नशीब. तो उन्हात एकटा फांदीवर चेंडू मारायचा सराव करायचा, हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो.

तो मेळाव्याला येणार आहे असं यादीत दिसलं. येताना मी टेनिसचा एक चेंडू घेऊन येतो आहे. चिंच अजून उभी आहे का, तेवढं कुणीतरी कळवा.