नाण्यावरील चिन्हे आणि निसरपूरचा नर्मदाकाठ



नर्मदाकाठच्या जुन्या रुपयावर बादशहा शाह आलमचे नाव फारसीत दिसले, की तो मराठी राज्याचा कसा, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. होळकर-शिंद्यांनी टाकसाळी स्वतःच्या चालविल्या, पण नाव बादशहाचेच ठेवले. कारण बाजारात पत त्या नावाला होती. त्यातून ठसा चकतीहून मोठा असल्यामुळे टाकसाळीचे नाव पुष्कळदा कडेबाहेर जाते. मग साक्ष उरते ती चिन्हांची.

शिवलिंग व बेलाचे पान असले तर रुपया महेश्वरचा; सूर्यमुख असले तर मल्हारनगरचा, म्हणजे इंदूरचा. अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ या काळात श्रीशंकराच्या नावाने राज्य चालविले. ती निष्ठा नाण्यावर अशी उमटली.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. चिन्ह टाकसाळ सांगते. राज्यकर्ता सांगत नाही. बाई १३ ऑगस्ट १७९५ रोजी निवर्तल्या. तेव्हा हिजरी १२१० चालू होते. लिंग-बेलाच्या रुपयावर हिजरी १२११ वाचता आले, तर तो त्यांच्या पश्चातचा मानला पाहिजे. केवळ बेलपान पाहून ‘अहिल्याबाईंचा रुपया’ म्हणणे ही श्रद्धा झाली, इतिहास नव्हे.

या खुणांना युरोपीय अर्थाने कुलचिन्हे म्हणता येणार नाही. तशी ढालीवरची राजचिन्हे आपल्या संस्थानिकांना १८७७ च्या दिल्ली दरबारात निशाणांवर मिळाली; ती रॉबर्ट टेलर या इंग्रज अधिकाऱ्याने रेखाटली होती. पुढे १८८७ मध्ये धारच्या आणि १८८८ मध्ये देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीच्या तांब्याच्या नाण्यांवर व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आला. संस्थानाचे नाव स्वच्छ वाचता येऊ लागले. गूढ संपले, आणि स्थानिक खूणही गेली.

हे सारे निसरपूरच्या संदर्भात सांगण्याचे कारण आहे. महेश्वरहून नर्मदा याच प्रदेशाकडे वाहत येते. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर १३८.६८ मीटरपर्यंत भरले आणि जुन्या निसरपुरात पाणी शिरले. नाणे कोणत्या मातीत, कशाच्या शेजारी सापडले, याची नोंद चिन्हाइतकीच मोलाची असते. बुडालेल्या जमिनीतून ती आता मिळणे कठीण. म्हणून घरोघरी डब्यांत राहिलेल्या नाण्यांचे महत्त्व वाढले आहे. माझी विनंती एवढीच : ती घासून उजळू नका, सोनाराच्या मुशीत घालू नका. वजन, चिन्ह, सन आणि घरात ते कोठून आले, एवढे वहीत लिहून ठेवा. जमिनीत नवे काही सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवा.