‘आइस एज : द मेल्टडाउन’ : वितळत्या हिमयुगातील कळप

हिमयुगाचा बर्फ वितळू लागला तर त्या बर्फावर जगणाऱ्यांनी जायचे कुठे, या प्रश्नाभोवती ‘आइस एज : द मेल्टडाउन’ हा अॅनिमेशनपट गुंफलेला आहे. ‘आइस एज’ (२००२) या गाजलेल्या चित्रपटाचा हा दुसरा भाग ३१ मार्च २००६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. ‘ब्लू स्काय स्टुडिओज’ने त्याची निर्मिती केली, तर ‘ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स’ने तो वितरित केला. पहिल्या भागाचे सहदिग्दर्शक असलेले ब्राझीलचे कार्लोस साल्दान्हा यांचे स्वतंत्र दिग्दर्शक म्हणून हे पहिलेच पूर्ण लांबीचे काम.

कथानक

केसाळ मॅमथ मॅनी, वाचाळ स्लॉथ सिड आणि खड्गदंती दिएगो हे त्रिकूट बर्फाच्या भिंतींनी वेढलेल्या खोऱ्यात राहते. भिंतीपलीकडे पाण्याचा प्रचंड साठा तुंबला आहे आणि हा बांध कधीही फुटेल, हे त्यांच्या ध्यानात येते. खोऱ्याच्या दुसऱ्या टोकाला असलेली नाव गाठण्यासाठी सर्व प्राणी निघतात. वाटेत भेटते एली. ती मॅमथ असूनही स्वतःला पॉसम समजते, कारण अनाथ असताना पॉसमच्या कुटुंबानेच तिला वाढविले. क्रॅश आणि एडी हे तिचे खोडकर ‘भाऊ’.

आपल्या जातीतील आपण अखेरचेच, ही मॅनीच्या मनातील भीती कथेला वजन देते. पहिल्या भागात मानवी शिकाऱ्यांनी त्याचे कुटुंब हिरावल्याचे सूचित झाले होते. या भागात मात्र माणूस कुठेच दिसत नाही. शेवटी मॅमथांचा मोठा कळप समोर येतो, तरी एली मॅनीसोबतच राहते. कळप रक्तानेच बनतो असे नाही, हे चित्रपट उपदेशाचा आव न आणता सांगतो. ओकच्या फळामागे धावणारा स्क्रॅट मूळ कथेला समांतर चालत राहतो आणि अखेर नकळत सर्वांना वाचवतो.

आवाज आणि यश

रे रोमानो (मॅनी), जॉन लेग्विझामो (सिड), डेनिस लिअरी (दिएगो) आणि क्वीन लतीफा (एली) यांनी आवाज दिले. संगीत जॉन पॉवेल यांचे. सुमारे ८ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ६६ कोटी डॉलरचा गल्ला जमविला. पहिल्या भागाची कमाई सुमारे ३८ कोटी डॉलर होती.

विज्ञान आणि कल्पना

बर्फाचा बांध फुटून येणारा महापूर ही निव्वळ कल्पना नव्हे. शेवटच्या हिमयुगाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या वायव्य भागात ‘मिसूला’ सरोवराचा हिमबांध वारंवार फुटून अशी प्रलयंकारी पुरे आली होती. बर्फात गोठलेले जलचर सरीसृप जिवंत होणे मात्र अशक्यच. ते जीव मॅमथच्याही फार आधीच्या काळातले. स्क्रॅटही काल्पनिकच. तरीही २०११ मध्ये जाहीर झालेल्या, अर्जेंटिनात सापडलेल्या ‘क्रोनोपिओ’ या लांब सुळ्यांच्या चिमुकल्या सस्तन प्राण्याच्या जीवाश्माने अनेकांना त्याची आठवण करून दिली.

पडद्यावर मॅनीला सोबती मिळतो. प्रत्यक्षात मॅमथचा वंश टिकला नाही. बदलते हवामान आणि मानवी शिकार यांपैकी मुख्य कारण कोणते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. आर्क्टिकमधील रँगल बेटावर अखेरचे मॅमथ सुमारे ४ हजार वर्षांपूर्वीपर्यंत तग धरून होते. तेव्हा इजिप्तमधील गिझाचे पिरॅमिड उभे राहून गेले होते.

पुढील वाटचाल

या मालिकेचे पुढील भाग २००९, २०१२ आणि २०१६ मध्ये चित्रपटगृहांत आले. ‘डिस्ने’ने २०१९ मध्ये ‘फॉक्स’चा चित्रपट व्यवसाय विकत घेतल्यावर ‘ब्लू स्काय’ही त्यांच्याकडे गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये हा स्टुडिओ बंद झाला. विस्कटलेल्यांचा कळप जमविणाऱ्या या कथेच्या निर्मात्यांचा स्वतःचा कळप असा पांगला.