कोरडवाहू ज्वारीच्या मुळांना बुरशीची साथ

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या भागांतील काळ्या रानात रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून होते. परतीचा पाऊस संपल्यानंतर काढणीपर्यंत पुन्हा पाणी मिळेल याची शाश्वती नसते. जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पीक तग धरते. याचे श्रेय सामान्यतः मालदांडीसारख्या वाणाला आणि कसदार जमिनीला दिले जाते. मात्र त्यात मुळांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म बुरशीचाही वाटा असतो.

वनस्पतीचे मूळ आणि बुरशी यांच्या या सहजीवनाला ‘मायकोरायझा’ असे म्हणतात. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ए. बी. फ्रँक यांनी १८८५ मध्ये ही संज्ञा वापरात आणली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, करडई अशा बहुतेक कोरडवाहू पिकांत हे सहजीवन आढळते. मोहरी आणि कोबीच्या कुळात ते होत नाही. पीक बुरशीला साखर व स्निग्ध पदार्थ पुरवते आणि त्या बदल्यात बुरशी मुख्यतः स्फुरद आणि जस्त आणून देते.

दुष्काळात या देवाणघेवाणीचे मोल वाढते. जमीन वाळू लागली की मातीच्या कणांभोवतीचा पाण्याचा पातळ थर तुटतो आणि स्फुरदाची मुळांकडे होणारी हालचाल जवळपास थांबते. पीक तहानेलेले असते, तसेच उपाशीही. बुरशीचे तंतू केवळ काही मायक्रॉन जाडीचे असल्याने मूळरोमांनाही न शिरता येणाऱ्या छिद्रांत ते पोहोचतात. हेच तंतू मातीचे कण एकत्र बांधून ठेवतात, त्यामुळे जमिनीत पाणी मुरण्यास मदत होते.

हे तंतू प्रत्यक्ष पाणीही वाहून आणतात का, हा अनेक वर्षे वादाचा विषय होता. अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात जंगली ओटची मुळे आणि ओली माती यांच्यामध्ये हवेची पोकळी ठेवण्यात आली होती. ती केवळ बुरशीच ओलांडू शकत होती. तरीही रोपांनी बाष्परूपाने बाहेर टाकलेल्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी बुरशीमार्फत आल्याचे दिसून आले. अर्थात हा कुंडीतील प्रयोग होता. शेतात हेच प्रमाण राहील असे गृहीत धरता येत नाही, आणि ओलच संपली असेल तर बुरशीही पाणी निर्माण करू शकत नाही.

कोरडवाहू शेतीतील खरी अडचण निराळी आहे. ओल साठविण्यासाठी खरिपात रान मोकळे ठेवून कुळवणी करण्याची पद्धत जुनी आहे. सोलापूर येथे १९३३ पासून कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू असून, ओल धरून ठेवणे हाच त्याचा गाभा राहिला आहे. परंतु ही बुरशी जिवंत मुळांशिवाय वाढू शकत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये, अशाच काळ्या चिकण जमिनीत, रान दीर्घकाळ पडीक ठेवल्यानंतर ओल भरपूर असूनही पिके खुरटत असल्याचे आढळले होते. बुरशी घटल्याने त्यांना स्फुरद व जस्त मिळत नसल्याचे १९८० च्या दशकातील संशोधनातून स्पष्ट झाले. आपल्याकडील खरीप पडीक काळ त्या मानाने बराच कमी असतो, त्यामुळे तेवढ्या हानीची भीती नाही. पण पाणी राखताना बुरशी उपाशी राहते हे दोन्हीकडे सारखेच.

पाऊस बरा असलेल्या वर्षी रब्बीपूर्वी मूग किंवा उडदासारखे कमी मुदतीचे पीक घेतल्यास बुरशीला आश्रय मिळतो. मात्र सप्टेंबरच्या पावसाने दगा दिला तर त्या पिकाने वापरलेली ओल ज्वारीला भोवते. वारंवार खोल नांगरट केल्याने तंतूंचे जाळे तुटते, तर स्फुरदयुक्त खताची मात्रा जास्त झाल्यास पीकच बुरशीला थारा देत नाही.

बाजारात मायकोरायझाची तयार पाकिटेही मिळतात. बुरशी आधीच विपुल असलेल्या रानात त्यांचा फारसा उपयोग दिसत नाही. धूप झालेल्या माळरानावर किंवा रोपवाटिकेतील निर्जंतुक मातीत मात्र तो अधिक संभवतो. पाकीट उन्हात राहिले असल्यास त्यातील बीजाणू जिवंत असतीलच असे नाही.