वाढदिवसाचा विडा आणि वाढदिवसाची खिलत

आमच्या घरी सध्या नातीच्या सहाव्या वाढदिवसाची सिद्धता चालू आहे. त्या संबंधातली एक यादी परवा सहज आमच्या हाती पडली. बालपाहुण्यांना निरोप देताना त्यांच्या हाती ठेवावयाच्या पिशव्यांची ती यादी होती. सव्वीस पिशव्या एका किमतीच्या आणि चार पिशव्या तिच्या तिप्पट किमतीच्या. त्या चार कोणासाठी, हे विचारण्याची गरज पडली नाही. मुलांच्या नावांपुढे त्यांच्या वडिलांची पदे लिहिलेली होती. आमची सारी हयात दिल्लीच्या सरकारी कचेऱ्यांत गेली, तेव्हा अशी ज्येष्ठताक्रमाची यादी आम्हांस नवी नव्हे. मुलांच्या खाऊची ती असावी, एवढेच नवे. आम्ही सूनबाईंना तसे म्हणालो. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्या चार मुलांकडून येणाऱ्या भेटीही तशाच मोठ्या असतात. परत काही द्यायला नको का?"

प्रश्न रास्त होता, आणि त्याला आमच्यापाशी तत्काळ उत्तर नव्हते. 'हे सारे विलायतेचे खूळ' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. केक आणि मेणबत्त्यांपुरते ते खरेही आहे. परंतु वाढदिवसाला आलेल्या माणसाने रिकाम्या हाताने परतू नये, ही कल्पना काही परदेशातून आलेली नाही. ती या दिल्ली-आग्र्याच्या मातीत चांगली जुनी आहे, आणि तिच्यापायी मराठ्यांच्या इतिहासातला एक मोठा प्रसंगही घडलेला आहे.

आपला स्वतःचा वाढदिवस तसा साधा. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस 'धर्मसिंधु' रचला, त्यात वर्धापनाचा विधी आहे. जन्मतिथीस अभ्यंगस्नान करावे, मार्कंडेयादी चिरंजीवांचे पूजन करावे, तीळ आणि गूळ घातलेले अर्धी ओंजळ दूध प्यावे. त्या दिवशी नखे-केस कापू नयेत, प्रवास करू नये, हिंसा आणि कलह वर्ज्य करावा. यातला कलहाचा निषेध वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मोगलांचा थाट निराळा. अकबराने आपल्याकडील तुलादानाची चाल उचलली आणि ती वर्षातून दोनदा, सौर आणि चांद्र अशा दोन्ही वाढदिवसांना, सुरू केली. सौर वाढदिवसाला बारा पदार्थांनी तुला होई आणि चांद्र वाढदिवसाला आठांनी. तो ऐवज गरजूंना वाटला जाई. 'आईन-इ-अकबरी'त मुलांचाही नियम दिला आहे: राजपुत्राची पहिली तुला दुसऱ्या वर्षी, एकाच पदार्थाने, पुढे दर वर्षी एकेक पदार्थ वाढवावयाचा. औरंगजेबाच्या काळी दिल्लीत असलेला फ्रेंच वैद्य बर्निए लिहितो की, गेल्या वर्षीपेक्षा बादशहाचे वजन दोन पौंड अधिक भरले तेव्हा दरबाऱ्यांना अत्यानंद झाला. वरिष्ठाच्या प्रकृतीविषयी असा आनंद कसा व्यक्त करावा लागतो, हे आमच्या वाचकांस सांगणे न लगे.

पाहुण्यांच्या पदरात काय पडे, याचे चित्र मात्र त्याच्या आधीच्या, जहांगिराच्या काळातले आहे. १६१७ साली जहांगीर मांडूला असताना त्याची तुला इंग्रज वकील सर टॉमस रो याने पाहिली. तुला झाल्यावर बादशहा सिंहासनावर बसला आणि पातळ चांदीच्या पत्र्याची बदामे, फळे, मसाल्याचे दाणे अशी तबके भरभरून त्याने खाली उधळली. मोठमोठे उमराव पालथे पडून ती वेचू लागले. रो मात्र जागचा हलला नाही. तेव्हा बादशहाने एक तबक त्याच्याच अंगरख्यात ओतले. त्यातही शेजारच्या सरदारांनी हात घातले. रो हा व्यापारी कंपनीच्या कामासाठी आलेला माणूस. त्याने घरी जाऊन हिशेब केला. नुसता डौल, वजन काहीच नाही! वीसेक रुपये भाराची ती चांदी हा डामडौल लोकांना दाखविण्यासाठी त्याने जपून ठेवली. आजच्या पिशवीतल्या, दुसऱ्या दिवशी मोडणाऱ्या खेळण्यांचे हे पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

आणि तरीही या उधळण्यात एक गुण होता, असे आम्हांस वाटते. जे उधळले ते कोणाच्या नावाचे नव्हते. आपले बोरनहाण याच जातीचे आहे. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी लहानग्याला काळे कपडे नि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवावयाचे, आणि डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, हरभरे ओतावयाचे. भोवतीच्या पोरांनी ते लुटावयाचे. दिल्लीच्या थंडीत, उत्तरेकडची थोराड बोरे मुलाला लागू नयेत म्हणून आमच्या मातोश्री ती निवडून बाजूला काढीत आणि त्यांच्या जागी गोळ्या घालीत. आपली भाषाही पाहा. हळदीकुंकवाचे वाण आपण लुटतो, दसऱ्याचे सोने लुटतो. देणाऱ्याने देणे झाकले आणि घेणाऱ्याने स्वतः मिळविल्याचा आनंद घेतला, की उपकारही उरत नाही आणि फेडही उरत नाही. ज्या मुलाच्या मुठीत चार बोरे अधिक आली, ती त्याच्या बापाच्या पदामुळे नव्हे, त्याच्या कोपरांच्या बळावर.

आता आग्र्याचा प्रसंग. १२ मे १६६६ रोजी शिवछत्रपती औरंगजेबाच्या दरबारात गेले, तो दिवस बादशहाच्या चांद्र गणनेच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या उत्सवाचा होता, हे आपण सहसा विसरतो. सोबत संभाजीराजे होते. त्यांना नऊ वर्षे पुरी व्हावयास अवघे दोन दिवस उरले होते. आमेरच्या राजाच्या माणसांनी त्या वेळी राजस्थानीत लिहिलेली पत्रे पुढे उजेडात आली, त्यांतून घटनांचा क्रम नेमका कळतो. महाराजांनी हजार मोहरा आणि दोन हजार रुपये नजर केले, पाच हजार रुपये निसार केले. बादशहा शब्दही बोलला नाही. त्यांना मागे नेऊन सरदारांच्या रांगेत उभे करण्यात आले. मग वाढदिवसाचे विडे वाटले गेले. ते शहाजाद्यांना मिळाले, उमरावांना मिळाले, महाराजांनाही मिळाला. येथवर महाराजांनी सारे सोसले. त्यानंतर वाढदिवसाच्या खिलती आल्या: शहाजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जसवंतसिंगाला. महाराजांना नाही. त्या क्षणी ते संतापले. रामसिंग समजूत घालू लागला तेव्हा, मी कोण आहे हे तू, तुझ्या बापाने आणि तुझ्या बादशहाने पाहिलेले असूनही मला मुद्दाम इतका वेळ उभे ठेवले, अशा आशयाचे बोलून, बादशहाकडे पाठ फिरवून ते निघाले. मग बादशहाने त्यांच्याकडे सरदार पाठविले ते खिलत घेऊनच. ती त्यांनी नाकारली.

स्वराज्याच्या संस्थापकाचा हा अपमान आणि मुलांच्या खाऊच्या पिशव्या यांना एका ओळीत बसवणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. आम्हांसही लिहिताना थोडे तसे वाटले. परंतु विडा आणि खिलत यांतला जो भेद त्या दिवशी दिसला, तोच आमच्या घरच्या यादीत उतरलेला होता. विडा सर्वांना मिळाला, त्यात पाहुण्याचे पाहुणेपण मानले गेले. खिलत मापून दिली गेली, आणि माप घेतले की कोणीतरी उणा ठरतोच. मागाहून पाठविलेल्या खिलतीने तो उणेपणा भरून येत नाही. (पुढे त्याच आग्र्यातून महाराजांनी मिठाईचे पेटारे पाठविण्यास आरंभ केला, ते मात्र फकिरांना, ब्राह्मणांना, दरबाऱ्यांना, सरसकट. १७ ऑगस्टला ते निसटले. पेटाऱ्यातून की वेष पालटून, यावर पंडितांचा वाद आहे.)

सूनबाईंनी हे सारे ऐकून घेतले. त्यांनी इतिहास हा विषय पदवीपर्यंत शिकलेला आहे, हे आम्ही विसरलो होतो. त्या म्हणाल्या, "पण सगळ्यांना नुसते विडेच दिले असते, तर महाराज शांत राहिले असते का? रांग तर आधीच ठरलेली होती." हेही खरे. जसवंतसिंग कोठे उभा आणि आपण कोठे, हा सल खिलतीच्या आधीचा होता. वसाहतीतली मुलेही कोणाच्या वडिलांना गाडी नेण्यास येते हे जाणून असतात. पिशव्या सारख्या केल्याने ते ज्ञान पुसले जाणार नाही. तेवढ्यापुरता आम्ही पराभव मान्य केला.

मोठ्या भेटींचा मुद्दा मात्र उरला होता, आणि त्याला दरबारी नव्हे, कचेरीतले उत्तर आहे. भ्रष्टाचाराला आळा घालण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीचा अहवाल आला, त्याच वर्षी, १९६४ मध्ये, केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम निघाले. त्यांतला तेरावा नियम सेवकाला स्वतः भेट घेऊ नकोस एवढेच सांगून थांबत नाही. कुटुंबातील कोणालाही घेऊ देऊ नकोस, असेही बजावतो. म्हणजे सहा वर्षांची मुलगीही त्यात आली. प्रासंगिक जेवण आणि सामाजिक आदरातिथ्य यांना तोच नियम भेट मानीत नाही. चिरंजीवांच्या खात्याशी ज्यांचे काम पडते अशा एका गृहस्थांचे मूल त्या चौघांत आहे. तिप्पट किमतीची पिशवी दिली म्हणजे त्यांची भेट फिटली, असे हिशेबवहीत दिसेल; नियमात अशा वजावटीची सोय नाही. मोठी भेट नम्रपणे परत करता येते, किंवा आमंत्रणातच भेटी आणू नयेत असे लिहिता येते. आम्ही नोकरीत असताना एकदा हे करण्यास कचरलो होतो, आणि त्या वर्षी मुलाला मिळालेली सायकल त्याने दोन महिने चालविल्यावर आम्हांस विकत घेतल्याप्रमाणे तिचे पैसे नेऊन द्यावे लागले. चिरंजीवांना ते दोन महिने अजून आठवतात.

काल रात्री नवी यादी झाली. आमंत्रणात एक ओळ वाढली आहे, आणि पिशव्या तीस, एकाच किमतीच्या. प्रत्येकीत एक रंगपेटी, एक चेंडू आणि घरचा एक बेसनलाडू. लाडवाला नातीचा विरोध होता. तो मोडून काढण्यात आला. सूनबाईंची एकच अट आहे: इतके इतिहासाचे दाखले देणाऱ्यानेच सदर बाजारात जाऊन माल आणावा. उद्या सकाळी आम्ही मेट्रोने निघतो आहोत.