ऋण म्हणजे कर्जच का? ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य आणि विदर्भाचे कृष्ण दैवज्ञ

घाटंजीसारख्या कापसाच्या गावात ऋण संख्या शिकवायच्या म्हटल्या, की सर्वांत सोपे उदाहरण उसनवारीचे. खिसा रिकामा आणि शंभर रुपये देणे, म्हणजे उणे १००. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलांना कर्ज हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अडचण पुढे येते. उणे गुणिले उणे म्हणजे अधिक, हे ऐकल्यावर एखादी मुलगी विचारते : कर्जाला कर्जाने गुणून पैसे कसे येतील?

प्रश्न रास्त आहे. त्याच्या मागे जवळजवळ हजार वर्षांचा इतिहास आहे.

इ.स. ६२८ मध्ये भिल्लमाल (राजस्थानातील आजचे भीनमाळ) येथील ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ लिहिला. धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम त्यात सलग दिलेले आहेत. दोन ऋणांचा गुणाकार धन, हेही त्यात आहे. धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांतील अंतर, असा आणखी एक नियम आहे. ७ आणि उणे १० घ्या. अंतर ३, उत्तर उणे ३. हे करताना आपण क्षणभर चिन्ह बाजूला ठेवतो आणि नुसते ७ व १० पाहतो. नववीच्या पुस्तकात ज्याला ‘केवलमूल्य’ म्हणतात ते इथे न बोलता वावरते आहे. त्यासाठीच्या दोन उभ्या रेघा मात्र फार उशिरा, १८४१ मध्ये, जर्मन गणिती वायरश्ट्रास याने वापरल्या.

ब्रह्मगुप्ताने नियम दिले, कारणे दिली नाहीत. शब्दही संपत्ती आणि कर्जाचेच राहिले.

शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मध्ये जन्मलेले भास्कराचार्य मात्र एका ठिकाणी कर्जाची कल्पना सोडून देतात. ‘लीलावती’तला तो त्रिकोण असा : बाजू १० आणि १७, पाया ९. शिरोबिंदूतून पायावर लंब टाकला तर पायाचे दोन तुकडे किती? गणित करा, एक तुकडा १५ येतो आणि दुसरा उणे ६. रेषेचा तुकडा कर्जात कसा असेल? भास्कराचार्य म्हणतात, ऋण म्हणजे उलट दिशेला. लंब पायाच्या बाहेर पडतो. लांबी ६ खरीच आहे, फक्त ती पलीकडे मोजायची. लांबी आणि दिशा इथे वेगळ्या झाल्या. माझ्या मते आपल्या गणितातल्या अत्यंत सुंदर जागांपैकी ही एक आहे, आणि ती फारशी सांगितली जात नाही.

तरी सगळे काही आपल्याकडे आधीच सुटले होते, असे समजू नये. ‘बीजगणिता’त त्यांनीच माकडांचे उदाहरण घातले आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला तितकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसले; तर कळप केवढा? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पाच घेतले तर १ मधून ३ वजा करावे लागतात. लोकांना अशी ऋण झालेली माकडे पटत नाहीत, म्हणून ते उत्तर घ्यायचे नाही, असे ते सांगतात. युरोपातही हीच कुरकुर चालू होती. देकार्त १६३७ मध्ये अशा उत्तरांना ‘खोटी’ म्हणतो. १७५८ मध्ये इंग्लंडच्या फ्रान्सिस मासेरेसने तर उणे चिन्हाच्या वापरावर आक्षेप घेणारा अख्खा प्रबंध लिहिला.

आता विदर्भाकडे येऊ. पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे एक ज्योतिषी घराणे पुढे काशीला स्थायिक झाले. त्यातले कृष्ण दैवज्ञ. १६००च्या सुमारास त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’वर ‘बीजपल्लव’ ही टीका लिहिली आणि नेमका तोच प्रश्न घेतला : ऋणत्व म्हणजे काय? त्यांचे उत्तर : वैपरीत्य, उलटेपणा. तो तीन प्रकारचा. देशाचा, म्हणजे पूर्व धन तर पश्चिम ऋण. काळाचा, म्हणजे पुढचे आणि मागचे. आणि वस्तूचा, म्हणजे मालकीचा. कर्ज या तिसऱ्या प्रकारात बसते. शेतकऱ्याच्या वहीत जे देणे, तेच व्यापाऱ्याच्या वहीत येणे. रक्कम, म्हणजे केवलमूल्य, दोन्हीकडे सारखेच. वही कोणाची, एवढ्यावर चिन्ह ठरते.

त्या मुलीचे उत्तरही इथेच सापडते. घाटंजी शून्य धरा. यवतमाळकडचा रस्ता धन, पांढरकवड्याकडचा ऋण. तोंड पांढरकवड्याकडे करा, आणि मग उलटी पावले टाका.